तुम्ही काय करता?

पुलाच्या बरोब्बर मध्यावर एक राक्षस बसलाय. रात्र आहे, पाऊस लागलाय, नदीला पूर आहे आणि तुमच्या चौघांपैकी एकीच्या खांद्यात बाण रुतलाय. टेबलाच्या टोकाशी बसलेली मैत्रीण हे सगळं सांगते, थांबते आणि विचारते, “तुम्ही काय करता?”

तलवारी उपसता येतील. माघारी फिरून दुसरीकडे उतार शोधता येईल. मंत्र टाकून त्याला झोपवता येईल. पण समोरचा मुलगा जरा विचार करून म्हणतो, “मी जाऊन त्याच्या शेजारी बसतो. बोलत काहीच नाही. शिदोरीतली अर्धी भाकरी त्याच्यापुढे धरतो.” जाडजूड नियमपुस्तकात भाकरीबद्दल अवाक्षर नाही. तरी खेळ अडत नाही. मैत्रीण वीस पैलूंचा फासा त्याच्याकडे सरकवते. “टाक. पंधरा किंवा वर आलं, तर तो हात पुढे करेल.”

पट नाही, राजा-वजीर नाहीत, पुष्कळदा सोंगट्याही नाहीत. कागद, पेन्सिल, मूठभर फासे आणि बोलणं. तेवढ्यावर पाच माणसं श्वास रोखून एका घरंगळणाऱ्या फाशाकडे बघत राहतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने २०२४ साली पन्नाशी गाठली. त्याला आणि त्याच्या मागोमाग आलेल्या असंख्य खेळांना मिळून टेबलटॉप रोलप्लेइंग गेम्स म्हणतात.

या खेळातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट मला ड्रॅगन वाटत नाही, ती भाकरी वाटते. बुद्धिबळातला घोडा अडीच घरंच जाणार. मनात आलं म्हणून त्याला समोरच्या वजिराशी तह करता येत नाही. कॉम्प्युटर गेममध्ये राक्षसाला भाकरी द्यायची, तर प्रोग्रामरने ती शक्यता आधीच ओळखून लिहून ठेवलेली हवी. इथे काहीही करून बघायची मुभा आहे, आणि तरी हा खेळच आहे. त्याला नियम आहेत, त्यात हरता येतं, मरता येतं. इतकी मोकळीक आणि इतकी शिस्त एकत्र नांदतात कशा?

त्याचं उत्तर टेबलाच्या टोकाशी बसलेल्या मैत्रिणीत आहे. तिला डन्जन मास्टर, थोडक्यात डीएम म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र चालवतात. ती उरलेलं सगळं जग चालवते. राक्षस ती, पूर ती, पलीकडच्या गावातली खानावळवालीही तीच. ती खेळाडूंची वैरी नाही आणि त्यांच्या बाजूचीही नाही. जिंकणं तिच्या वाट्याला येतच नाही. खेळात अशी एक जागा असू शकते हे सुचायला फार काळ जावा लागला, आणि त्या शोधाची सुरुवात झाली सैन्याच्या नकाशांवर.

१७८० मध्ये ब्रुन्सविकच्या योहान हेलविग या शिक्षकाने बुद्धिबळाचा, म्हणजे मुळात आपल्याच चतुरंगाच्या वंशजाचा, युद्धखेळ केला. हजाराहून अधिक घरांचा पट, त्यात डोंगर, नद्या आणि तोफा. पुढे प्रशियातल्या राइसविट्झ बापलेकांनी पटावरची घरंच काढून टाकली. धाकट्या राइसविट्झने १८२४ साली लष्करातल्या वरिष्ठांपुढे मांडलेला ‘क्रीगस्पील’ एकास आठ हजार प्रमाणाच्या तपशीलवार नकाशावर खेळला जाई. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपापले हुकूम कागदावर लिहून पंचाच्या हाती देत. पुढच्या दोन मिनिटांच्या लढाईत काय घडेल ते पंच तक्ते आणि फासे वापरून ठरवी आणि प्रत्येक बाजूला तिच्या नजरेच्या टप्प्यात येईल तेवढंच दाखवी. टेकडीपलीकडे काय आहे ते एकट्या पंचाला ठाऊक. पुलावर बसलेल्या राक्षसाच्या मनात काय आहे हे फक्त डीएमला ठाऊक असतं, त्याची मुळं इथे आहेत.

पण तक्ते चाळण्यातच वेळ जाऊ लागला. १८७६ साली व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन सेनाधिकाऱ्याने सरळ सांगितलं, की तक्ते बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाच्या निर्णयावर भरवसा ठेवा. अमेरिकी लष्करातल्या चार्ल्स टॉटनने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ नावाचं युद्धखेळाचं पुस्तक लिहिलं. पंच समर्थ असेल तर खेळाडूला वाटेल ते करून बघता येईल, हा विचार त्यात होता. पुढे पाऊण शतकाहून अधिक काळ तो तिथेच पडून राहिला.

आता जरा दुसऱ्या वाटेने जाऊ. सोंग घेऊन खेळणं प्रशियाच्या सैन्याहून कितीतरी जुनं आहे. १८२६ साली यॉर्कशरमधल्या हॉवर्थ गावी ब्राँटे भावंडांच्या वडिलांनी आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन या चौघांनी त्या शिपायांभोवती देश वसवले, राजघराणी उभी केली, बंडं घडवली. एमिली आणि ॲन यांचं गोंडाल नावाचं बेट तर त्या मोठ्या झाल्यावरही संपलं नाही. १८४५ मध्ये, म्हणजे एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ ही कादंबरी छापून येण्याच्या दोनच वर्षं आधी, पंचविशी गाठलेल्या या दोघी बहिणी यॉर्कच्या सहलीला गेल्या आणि प्रवासभर गोंडालमधली पात्रं होऊन वावरल्या. एमिलीने स्वतःच तसं लिहून ठेवलंय.

सोंगाच्या खेळाला मात्र एक खोट असते. चोर-पोलीस खेळलेल्या प्रत्येकाला ती माहीत आहे. “ठो! मेलास तू.” “हॅ, मला लागलीच नाही!” इथे खेळ थांबतो आणि भांडण सुरू होतं. ब्राँटे भावंडांकडे कल्पना उदंड होती, पण निवाडा करणारं तटस्थ कोणी नव्हतं. प्रशियन अधिकाऱ्यांकडे पंच होता, पण सैन्य हलवण्यापलीकडे कोणाच्या तरी अंगात शिरून जगायची त्यांना गरजच नव्हती.

या दोन वाटा १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात एकमेकींना भेटल्या. डेव्ह वेस्ली हा तरुण युद्धखेळांचा शौकीन होता. टॉटनचं पुस्तक त्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडलं होतं. त्याने नेपोलियनच्या काळातली लढाई मांडली, पण सैन्यं येण्याआधीच्या एका काल्पनिक जर्मन गावात, ब्राउनश्टाइनमध्ये. नेहमीपेक्षा जास्त मंडळी जमली होती, म्हणून त्याने अनेकांना सैन्याऐवजी एकेक माणूसच दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा कुलपती, कोणी विद्यार्थी पुढारी. प्रत्येकाचा हेतू वेगळा. वेस्ली एकेकाला दुसऱ्या खोलीत नेऊन त्याची चाल ऐकणार, असा बेत होता. तो खोलीतून बाहेर येईपर्यंत बाहेरच्यांनी आपापसात कट रचले, सौदे केले, खोटं बोलले. दोघांनी तर द्वंद्वयुद्धच पुकारलं. त्याचे नियम वेस्लीकडे नव्हतेच. त्याने जागच्या जागी काहीतरी ठरवून टाकलं. लढाईपर्यंत खेळ पोचलाच नाही. वेस्लीला वाटलं, आपला प्रयोग पार फसला. खेळाडू मात्र विचारू लागले, पुन्हा कधी?

मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. या खेळाच्या जन्माचं श्रेय द्यायची वेळ आली की दोनच नावं घेतली जातात, आणि वेस्ली मागे राहतो. हे बरोबर नाही. “माझ्याकडे याचे नियम नाहीत, पण थांब, ठरवू या” हे वाक्य खेळात आणलं ते त्याने.

त्या दोन नावांपैकी एक, डेव्ह आर्नेसन, त्या खेळाडूंमध्येच होता. पुढच्या एका डावात त्याला लॅटिन अमेरिकेतल्या देशातल्या क्रांतिकारक विद्यार्थ्याची भूमिका मिळाली, आणि आपण खरे सीआयएचे हेर आहोत असं त्याने इतरांच्या गळी उतरवलं. वेस्ली सैन्यात गेल्यावर आर्नेसनने १९७१ पासून स्वतःचं जग चालवायला घेतलं: ब्लॅकमूर. किल्ला, किल्ल्याखाली भुयारं, भुयारांत राक्षस आणि खजिना. खेळाडूंचं आपल्या पात्रांवर मन जडू लागलं. एका घावात ती मरावीत हे कोणालाच नको होतं. मग आर्नेसनने नौदलाच्या युद्धखेळातली युक्ती उचलली. जहाज एका तोफगोळ्याने बुडत नाही, त्याची ताकद टप्प्याटप्प्याने घटते. आज मोबाइलवरच्या गेममध्ये नायकाच्या डोक्यावर जी लाल पट्टी कमी-कमी होत जाते, तिचा उगम या युक्तीत आहे.

दुसरं नाव गॅरी गायगॅक्स. तो विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी राहायचा. विम्याच्या कंपनीतली नोकरी गेल्यावर तो घरी बसून चपला-बूट दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात नियम लिहायचा. आर्नेसनने त्याला ब्लॅकमूर खेळून दाखवलं. गायगॅक्सने झपाटल्यासारखं लिहून काढलं, आपल्या मुलांना खेळाडू करून तपासलं, आणि जानेवारी १९७४ मध्ये तीन पातळ पुस्तिकांचा लाकडी नक्षीचा तपकिरी खोका बाजारात आला. प्रती १०००, किंमत १० डॉलर. खोके घरच्या घरी भरले होते. वर्षाच्या आत ते संपले. दोघा लेखकांत पुढे श्रेयावरून कोर्टकज्जे झाले. आज दोघेही हयात नाहीत.

आता फाशांकडे. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पैलूंचे हे पाच फासे म्हणजे ग्रीक भूमितीतले पाच नियमित घन. प्रत्येक पैलू सारखाच आणि समान बाजू-कोनांचा, प्रत्येक कोपरा सारखा असा घन या पाचांखेरीज सहावा असूच शकत नाही, हे युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या शेवटी सिद्ध केलंय. इजिप्तमध्ये ग्रीक राजवटीपासून रोमन काळापर्यंतचे वीस पैलूंचे दगडी फासे सापडलेत. त्यांवर ग्रीक अक्षरं कोरलेली आहेत. गायगॅक्सला मात्र ते गणित शिकवायच्या साहित्याच्या कॅटलॉगमध्ये मिळाले.

पात्र घडवायची जुनी रीत अशी: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप या सहा गुणांसाठी दर वेळी सहा पैलूंचे तीन फासे टाकायचे. तीन फाशांची दानं २१६ प्रकारे पडू शकतात. त्यांतल्या ५४ प्रकारांत बेरीज दहा किंवा अकरा येते, अठरा मात्र एकाच प्रकारात. म्हणजे माणसं बहुतेक साधारण, एखादाच अचाट. गाव असतंच असं. कृतीच्या वेळी मात्र वीस पैलूंचा एकच फासा पडतो, आणि त्यावर एक ते वीसपैकी प्रत्येक दानाची शक्यता सारखी, ५ टक्के. स्वभाव गर्दीच्या गणिताने ठरतो आणि प्रसंग लहरीच्या. इतकं साधं आणि इतकं खरं वाटणारं विभाजन कोणी मुद्दाम योजलं असेल की आपोआप घडलं असेल, मी सांगू शकत नाही. पण ते काम करतं.

२०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत आणखी एक सुंदर नियम आहे. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकायचे आणि मोठं दान धरायचं. अकरा किंवा वर हवे असतील तर शक्यता ५० वरून ७५ टक्क्यांवर जाते. वीसच हवे असतील तर मात्र ५ वरून जेमतेम ९.७५ वर. आटोक्यातल्या कामात मदतीचा हात फार मोठा ठरतो, अशक्यप्राय कामात थोडाच. हे सूत्र खेळाडूंना कोणी समजावून सांगत नाही. पाच-सहा बैठकींत ते त्यांच्या हाडीमाशी खिळतं.

फासा खेळाडूंपुरताच नसतो. टॉम मोल्डव्हेने संपादित केलेल्या १९८१ च्या आवृत्तीत एक तक्ता आहे, आणि तो माझा सर्वांत आवडता. राक्षस दिसला की डीएमने सहा पैलूंचे दोन फासे टाकायचे. दोन आले तर तो लगेच तुटून पडणार. बारा आले तर मनापासून मैत्री करणार. आणि सहा, सात किंवा आठ आले तर? त्याचं अजून काहीच ठरलेलं नाही. गणित केलं तर ही शक्यता ४४ टक्के निघते. अंधारात भेटलेला भयंकर जीव निम्म्याच्या आसपास वेळा काय करावं या संभ्रमात असतो, आणि पुढचं तुमच्या बोलण्यावर अवलंबून असतं. मारामारीचा म्हणून बदनाम झालेल्या खेळाच्या गाभ्यात हे दडलंय, याचं मला अजून नवल वाटतं.

एक बैठक तीन-चार तासांची. तीच पात्रं आणि तेच जग घेऊन आठवड्या-पंधरवड्याला पुन्हा बसायचं, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं. हे कॅम्पेन. ते चालवणं ही स्वतंत्र कला आहे, आणि ती शिकताना सगळ्यांत आधी सोडावा लागतो गोष्ट लिहायचा मोह. नवा डीएम रात्री जागून किल्ल्यातला खलनायक रचतो, त्याचं भाषणही पाठ करतो. खेळाडू किल्ल्याकडे पाठ फिरवून ज्याला अजून नावसुद्धा नाही अशा नावाड्याशी गप्पा मारत बसतात. त्यांना ओढूनताणून किल्ल्यात नेलं, की ‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्नच खोटा पडतो. खेळणारे याला रेलरोडिंग म्हणतात आणि ते कोणाला खपत नाही.

म्हणून कसलेले डीएम गोष्ट न लिहिता पेच मांडतात. राक्षस पुलावर का बसलाय? समजा, त्याचा भाऊ अमावास्येला इथेच भेटायचं कबूल करून गेलाय. गावच्या पाटलाला राक्षस हवासा आहे, कारण त्याच्यामुळे पलीकडच्या व्यापाऱ्याच्या गाड्या अडतात. आणि तो भाऊ व्यापाऱ्याच्या तळघरात कैदेत आहे. एवढं पुरतं. कोणाला काय हवंय आणि कोणी काहीच केलं नाही तर काय होईल, या दोन गोष्टी वहीत हव्यात. खेळाडू दुसऱ्या वाटेने गेले तर जग त्यांच्यासाठी थांबत नाही. अमावास्या येते, भाऊ येत नाही, राक्षस गावात शिरतो. कॅम्पेनमध्ये दिवसांचा हिशोब काटेकोर ठेवा, असं गायगॅक्सने १९७९ च्या डीएमसाठीच्या ग्रंथात अगदी ठासून लिहिलंय. जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकी लेखकाचा नियमही डीएमच्या फार कामी येतो: खेळाडूंनी जे ओळखायला हवं, त्याचे किमान तीन माग ठेवा. एक त्यांच्या नजरेतून निसटेल, दुसऱ्याचा अर्थ ते चुकीचा लावतील, तिसरा लागू पडेल.

आणि मग जगाला स्मरण येतं. ती अर्धी भाकरी डीएमच्या वहीत नोंदलेली असते. सहा महिन्यांनी, पाटलाची माणसं पात्रांना घेरून उभी असताना तोच राक्षस धुक्यातून येतो, तेव्हा ते कोणी लिहिलेलं वळण नसतं. एकाच्या मनात आलेली कृपा, फाशाचं दान आणि डीएमची आठवण या तिघांनी मिळून ते घडवलेलं असतं, आणि त्यांतल्या एकालाही ते आधी ठाऊक नव्हतं. कादंबरीकाराला असं आश्चर्य क्वचित लाभतं.

खेळाडूवरही जबाबदारी आहेच. पात्राला काहीतरी हवं असलं पाहिजे. कोपऱ्यात गप्प बसणारा गूढ वीर दोन बैठकींत सगळ्यांना कंटाळवाणा होतो. दुसऱ्याच्या पात्राला प्रश्न विचारावा, त्याच्या प्रसंगाला जागा द्यावी. टेबलावर कोणते विषय नकोत, हे पहिल्या बैठकीआधीच बसून ठरवायची पद्धत आता रूढ झालीय, आणि ती फार चांगली आहे.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही पालकांनी आणि धार्मिक गटांनी या खेळावर सैतानपूजेचा आळ घेतला. तो टिकला नाही. खेळ मात्र पसरला. जपानमध्ये १९८६ साली ‘कॉम्प्टिक’ या मासिकाने एका गटाच्या खेळाचा संवाद क्रमशः छापायला घेतला. त्यातूनच ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ या कादंबऱ्या आणि पुढे ॲनिमे आले. लोक दुसऱ्यांचा खेळ तासन्‌तास बघतात हे अलीकडच्या ‘क्रिटिकल रोल’सारख्या कार्यक्रमांमुळे जगाला कळलं, पण जपानी वाचकांना ते तेव्हाच कळलं होतं.

आपल्याकडे हा खेळ इंग्रजीतूनच खेळायचा असतो असा समज आहे. तो सोडून द्या. भाव करणारा राक्षस, टोमणे मारणारी चेटकीण, घाबरून अडखळणारा पहारेकरी हे सगळं ज्या भाषेत आपण भांडतो आणि लाड करतो त्या भाषेत जास्त जिवंत होतं. चार जण जमवा, एक पेच मांडा, फासे नसतील तर मोबाइलवरचे वापरा. पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी मोफत खुला आहे. तो कोणीही मराठीत आणू शकतो, छापू शकतो, विकूही शकतो. मूळ कर्त्यांचं श्रेय दिलं म्हणजे झालं.